गायीच्या पोटातली तार

बोटभर लांबीची तार गायीच्या हृदयात घुसू शकते, आणि तिला तिथवर ढकलते ते गायीचे स्वतःचे पोट!

गाय खाताना निवडत बसत नाही. जिभेने घास ओढायचा, जेमतेम चावून गिळायचा. निवांत रवंथ नंतर. कुट्टीत आलेला खिळा किंवा तार अशीच आत जाते आणि जड असल्याने पोटाच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात, बसते. या कप्प्याच्या अस्तरावर मधाच्या पोळ्यासारखी घरे असतात, त्यांत ती अडकते. हा कप्पा साधारण मिनिटाला एकदा, लागोपाठ दोनदा, करकचून आवळतो. रवंथ, पचन सगळे त्यावरच चालते, पण त्याच आवळण्याने तारेचे टोक भिंतीतून आरपार जाते. पुढे पातळ श्वासपटल आणि पलीकडे काही सेंटीमीटरवर हृदय. गाभण गायीत वाढते वासरू पोट पुढे रेटते, त्यामुळे धोका आणखी वाढतो.

भोक पडले की जंतू पोटाच्या आवरणात उतरतात आणि तिथे तीव्र दाह सुरू होतो. गाय पाठीची कमान करते, कोपरे अंगापासून दूर धरते, उतारावर पाय टाकत नाही. दूध एकाएकी घटते. डॉक्टर खांद्यावरची कातडी चिमटीत धरून दाबतात. निरोगी गाय पाठ खाली घेते. दुखरी गाय ताठच राहते, कण्हते.

मला सर्वांत थक्क करतो तो शरीराचा प्रतिकार. रक्तातून फायब्रिन नावाचे चिकट प्रथिन पाझरते, शेजारचे अवयव भोकाला चिकटवते आणि जंतूंना तिथेच कोंडते. हे जमले तर गाय सावरते. पण टोकाने मोठी रक्तवाहिनी किंवा हृदयच फाडले, तर बाहेर थेंबही न दिसता ती रक्तस्रावाने दगावते.

उपाय विलक्षण साधा आहे: लोहचुंबक! बोटाएवढा गुळगुळीत चुंबक तोंडावाटे दिला की तोही जाळीपोटात जाऊन बसतो आणि सहसा जन्मभर तिथेच राहतो. लोखंडी तार भिंतीत शिरण्याआधी त्याला चिकटते. तांब्या-ॲल्युमिनियमच्या तारेपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. तार खोल रुतली असेल, तर डाव्या कुशीला भूल देऊन, गाय उभी असतानाच पोट उघडतात आणि डॉक्टर हात आत घालून ती चाचपून काढतात. आत आधीच चुंबक आहे का, हे पाहायला होकायंत्र पुरते. छातीच्या मागे, पोटाजवळ धरले की सुई वळते.