एक कोटी रानबैल, हाडं मूठभर

बीड जिल्ह्याची उत्तर हद्द गोदावरीनेच आखून दिली आहे. त्या हद्दीच्या थोडं वर, पैठणजवळच्या मुंगी गावी, 1860च्या दशकात वाइन नावाच्या भूगर्भ सर्वेक्षकाला नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात माणसाने फोडलेली अकीकाची एक छिलपी मिळाली. पुढे 1950च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना प्रवरेकाठी नेवाशाला दगडी हत्यारं आणि रानबैलाची जीवाश्म हाडं सापडली. बॉस नमॅडिकस हा तो रानबैल, आपल्या वशिंडाच्या बैलांचा पूर्वज. प्रवरेचं पाणी गोदावरीतून बीडच्या गेवराई तालुक्याकडेच येतं, आणि कळपांना कुठे तालुक्याच्या हद्दी ठाऊक होत्या!

आता जरा हिशेब मांडू. समजा, या खोऱ्यात एका वेळी फक्त 1,000 रानबैल होते आणि प्रत्येक सरासरी 10 वर्षं जगला. म्हणजे वर्षाला 100 मेले. लाख वर्षांत एक कोटी. एका बैलाच्या अंगात दोनशेहून जास्त हाडं, म्हणजे 200 कोटींच्या वर. त्यातली हाती लागली ती मूठभर! बाकीची तरसांनी फोडली, उन्हाने तडकली, पुराने दळली. मेल्यावर लगेच गाळाखाली गाडलं गेलेलंच टिकतं.

या मूठभरातून शिकार हुडकायची. हाडाशेजारी हातकुऱ्हाड दिसली की आपण लगेच चित्र रंगवतो. पण नदी दोन्ही वेगवेगळ्या गावांहून आणून एकाच खळग्यात टाकू शकते. खरी साक्ष हाडावरच असते: मांस सोडवताना दगडी धारेने पडलेली केसाएवढी चर. तीही सांगते फक्त कापल्याचं. मारणारा वाघही असू शकतो.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ऑल्सेन-चबक इथे मात्र शंकेला जागा नाही. सुमारे 10,000 वर्षांपूर्वी तिथे जवळपास 190 बायसन एका ओघळीत हाकलून मारले. हाडांत भाल्यांची दगडी टोकं मिळाली. आपल्याकडे एवढ्यांचं करायचं काय? 800 किलोच्या एका बैलाचं निम्मं मांस धरलं, तरी 25 जणांच्या टोळीला रोज माणशी किलोभर खाऊन 16 दिवस पुरेल. मराठवाड्याच्या उन्हात ते दोन दिवसही टिकायचं नाही.

आणि आपल्याकडच्या या हातकुऱ्हाडी किती जुन्या? कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी हातकुऱ्हाडी घडवण्याची जागाच खणून काढली. तिथल्या बैलवर्गीय दातांच्या इनॅमलवरून काळ निघाला सुमारे 12 लाख वर्षं. 25 वर्षांची एक पिढी धरली, तर 48,000 पिढ्या. शिवरायांच्या राज्याभिषेकापासून आपल्यापर्यंत झाल्या अवघ्या 14.