गवत गाय खाते, पचवतं दुसरंच कुणी

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की पचन म्हणजे अन्नाचे मोठे रेणू तोडून ते रक्तात शिरतील इतके लहान करणं. श्वसन, वाढ, झीज भरून काढणं या सगळ्यांना लागणारा माल तिथूनच येतो. आज या कामातला एक अवघड पेच पाहू. गवतात आणि कडब्यात मोठा वाटा सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबच लांब साखळी, पण ती तोडणारं विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही. गाईच्याही नाही. तरी कडब्यावर गाय दूध देते आणि बैल औत ओढतो, ते कसं?

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट. आपल्या जठरासारखं काम करतं ते हे शेवटचं. सगळी करामत मात्र पहिल्या कप्प्यात होते. मोठ्या गाईचं कोटीपोट १०० लिटरहून जास्त मावेल एवढं असतं आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतं. आत प्राणवायू नाहीच म्हटलं तरी चालेल, ऊब ३९ अंशांच्या आसपास, आणि तिथल्या एका मिलिलिटर रसात अब्जावधी जिवाणू. जोडीला आदिजीव आणि बुरशी. यांतले आदिजीव ग्रुबी आणि देलाफाँ या संशोधकांनी १८४३ मध्ये पहिल्यांदा पाहिले.

सेल्युलोज तोडतात ते हे सूक्ष्मजीव, आणि तेही स्वतःच्या पोटासाठी. प्राणवायूविना काम चालतं, म्हणून ते साखर पुरती वापरू शकत नाहीत. मागे उरतात अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही आम्लं. सूक्ष्मजीवांच्या लेखी हा टाकाऊ माल. गाय तो कोटीपोटाच्या भिंतीतून शोषून घेते, आणि तिच्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग त्यातूनच येतो! मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू ढेकरांवाटे बाहेर पडतात.

एवढ्यावर भागत नाही. चाऱ्याबरोबर हे जिवाणू पुढे वाहत जातात, खऱ्या पोटातल्या आम्लात मरतात आणि पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यांच्याच शरीरांतून येतो. मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच : आपण जिला पक्की शाकाहारी समजतो, ती गाय आपल्याच पोटात वाढवलेल्या कोट्यवधी जीवांवर जगते.

आता गोठ्यात बसलेल्या गाईच्या गळ्याकडे नीट बघा. एक गोळा खालून वर सरकताना दिसतो. मग खालचा जबडा आडवा फिरू लागतो. साधारण ४०-६० वेळा चावून झालं की ती गिळते, काही क्षण थांबते आणि पुढचा गोळा वर येतो. दिवसाचे सहा-आठ तास हे रवंथ चालतं. त्यात चारा बारीक होतो, शिवाय भरपूर लाळ आत जाते. मोठ्या गाईची लाळ दिवसाला १०० लिटरच्या वर भरते. ही लाळ अल्कधर्मी असल्यामुळे कोटीपोटातली आम्लता आटोक्यात राहते.

या आम्लतेवरच सगळा डोलारा उभा आहे. लग्नात उरलेला भात किंवा पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्यांचा ढीग जनावरापुढे टाकला, की पिष्ट आणि साखर झपाट्याने आंबवणारे जिवाणू माजतात आणि लॅक्टिक आम्ल साचतं. सामू एरवी ६ ते ७ असतो, तो ५ च्याही खाली घसरतो. तंतू पचवणारे जिवाणू मरतात, रवंथ थांबतं. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली तर एरवी मिनिटाला एक-दोनदा जाणवणारी पोटाची हालचाल लागत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं. प्रेमाने दिलेल्या घासाने जनावर जावं याचं फार वाईट वाटतं. खुराक बदलायचा तर तो आठवडा-दोन आठवड्यांत थोडा थोडा बदलावा, कारण नव्या खाद्याला सरावायला आतल्या जिवाणूंनाच वेळ लागतो.

घोडा आणि ससाही गवतच खातात, पण त्यांच्याकडे कोटीपोट नाही. त्यांचे जिवाणू आतड्याच्या मागच्या भागात राहतात, म्हणजे अन्न पचवणारा लहान आतड्याचा टप्पा उलटून गेल्यावर. मग त्या जिवाणूंमधली प्रथिनं वाया जातात का? सशाने यावर काढलेला तोडगा पुढच्या आठवड्यात पाहू.