विशेषनाम आणि दास्य

स्टीव्ह मॅक्वीन दिग्दर्शित ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (२०१३) या चित्रपटातील एक भाषिक घटना चाबकाच्या फटक्यांइतकीच विचारार्ह आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक सॉलोमन नॉर्थअप यांचे १८४१ मध्ये वॉशिंग्टन येथे अपहरण झाले व न्यू ऑर्लिन्स येथे ‘प्लॅट’ या नावाने त्यांची विक्री झाली. विशेषनाम केवळ व्यक्तीचा निर्देश करते, असे व्याकरण सांगते. येथे मात्र नामांतर हेच दास्याचे साधन ठरले. कारण सॉलोमनचे स्वातंत्र्य ‘प्लॅट’ला लागू नव्हते, आणि शोधास आलेल्यांना त्या मूळ नावाचा माणूस सहजी सापडेना. १८५३ मध्ये सुटका झाली. तथापि गोऱ्या विक्रेत्याविरुद्धची त्यांची साक्ष वॉशिंग्टनच्या न्यायालयात ग्राह्य धरली गेली नाही. ती त्यांनी त्याच वर्षी ग्रंथरूपाने दिली. चित्रपट त्याच ग्रंथावर आधारलेला आहे.