कथालेखकाचे संकेतस्थळ आणि वाचकांचा अभिप्राय

साहित्य हा आमचा प्रांत नव्हे. परभणीच्या मोंढ्यात हमालांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली. शाळा आठवीला सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रीच्या एस. टी.त. अशा माणसाने कथालेखकाच्या संकेतस्थळाविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु एक काम मात्र आम्ही उभ्या आयुष्यात केले आहे. लोकांची गाऱ्हाणी ऐकणे, आणि त्यांतले कोणते आजच्या आज सोडवायचे, कोणते चूक कबूल करून दुरुस्त करायचे व कोणते नुसते आदराने ऐकून घ्यायचे, याचा निवाडा करणे. आज जो लेखक आपल्या कथा स्वतःच्या संकेतस्थळावर देतो, त्याच्यापुढे नेमके हेच काम येऊन पडले आहे.

आमच्या एका हमाल सभासदाची मुलगी अशी क्रमशः कादंबरी लिहिते. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईची ती गोष्ट आहे. दर आठवड्याला एक भाग यायचा आणि जिल्ह्यातले, जिल्ह्याबाहेर कामाला गेलेले लोक तो फोनवर वाचायचे. गेल्या पावसाळ्यात तिने संकेतस्थळाचे रूप पालटले. रंग नवे, चित्रे नवी, मांडणी नवी. आठ दिवसांत अभिप्रायांचा ढीग पडला. कोणी लिहिले, मागचे भाग सापडत नाहीत. कोणी लिहिले, अक्षर दिसत नाही. एकाने बजावले, नायिकेला मारलेत तर वाचणे सोडू. दुसऱ्याने शेरा मारला की ही भाषा गावंढळ आहे, शुद्ध लिहा. आणि एकाने दोनच ओळी लिहिल्या : कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, जोडी असते. ती मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, मी बंदच करून टाकते आता. कोणाकोणाचं ऐकू?”

तिचा प्रश्न खरा होता, पण नवा नव्हता. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः दिली. गोष्ट पुरी होण्याआधीच ती वाचकाच्या हाती पडते, हा प्रकार तेव्हापासून मराठीत रुजला. इंग्लंडात डिकन्सने १८४० व १८४१ साली एक कादंबरी हप्त्याहप्त्याने दिली, तेव्हा तिच्यातल्या लहानग्या नेलला मारू नका म्हणून वाचकांनी पत्रे धाडली होती. टपालाच्या जागी आता फोन आला, आठवड्याच्या जागी क्षण आला, इतकेच. मग निवाडा करायचा तो कसा? आमच्या मते अभिप्रायांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग वाटेविषयीच्या गाऱ्हाण्यांचा. येथे वाचकच मालक. त्याला गोष्टीपर्यंत पोहोचता येत नसेल तर चूक लेखकाची आहे, वादाचे कारण नाही. जुना भाग सापडत नाही म्हणजे काय होते? वाचकाने कधीकाळी तो पत्ता जपून ठेवलेला असतो, कोणाला पाठविलेला असतो. रूप पालटताना पानांचे पत्ते बदलले की ते सारे दुवे तुटतात. वस्तुतः जुन्या पत्त्यावर आलेल्यास आपोआप नव्या पत्त्यावर नेऊन सोडण्याची सोय करता येते. दुकान हलविणारा व्यापारी जुन्या दारावर पाटी लावून जातो, तसेच हे. शक्य असेल तर पत्ते बदलूच नयेत, हे त्याहून बरे.

अक्षराचेही तसेच. मराठी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने ओळी बसविल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. म्हणून मराठीला ओळींमधली जागा जास्त हवी, अक्षर थोडे मोठे हवे, आणि पांढऱ्या पाटीवर फिकट करड्या अक्षरांची हौस टाळावी. पुष्कळजण पानाचे छायाचित्र काढून तेच चिकटवून देतात. ते चित्र जड असते, खेड्यातल्या क्षीण जोडणीवर उघडता उघडत नाही, त्यातला शब्द शोधता येत नाही, आणि फोनकडून मजकूर वाचवून घेणाऱ्या अंध वाचकाला ते पान कोरेच असते.

जुन्या कथांची आणखी एक अडचण आहे. पूर्वीच्या टंकांत देवनागरीचा आकार रोमन अक्षराच्या जागी बसविलेला असे. तो टंक वाचकाकडे नसला की मराठीऐवजी नुसता अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. जुना मजकूर त्यात उतरवून घ्यावा. पण उतरविल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेत. यंत्र तेथेच हटकून चुकते.

रूप पालटण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. तीन माणसे बोलवावीत : एक स्वस्त फोनवाला, एक वयस्क आणि एक ज्याने ती गोष्ट कधीच वाचली नाही असा. त्यांना सांगावे, सातवा भाग काढा. आपण गप्प बसावे आणि बोट कोठे अडते ते पाहावे. मुलीने हे उशिरा का होईना केले. तिच्या वडिलांचेच बोट पहिल्या पानावरच्या मोठ्या चित्रापाशी अडले. ते चित्र तिने काढून टाकले आणि त्या जागी भागांची क्रमवार यादी ठेवली. प्रत्येक भागाखाली ‘मागील’ आणि ‘पुढील’ हे दोन शब्द आले.

दुसरा ढीग चुकीविषयीच्या गाऱ्हाण्यांचा. डिकन्सचीच हकीकत पाहा. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ १८४९ व १८५० साली हप्त्याहप्त्याने निघत होती. तिच्यातल्या एका ठेंगण्या बाईच्या चित्रणात आपलेच रूप विद्रूप केले आहे, असे एका ठेंगण्या स्त्रीने त्यास कळविले. तिची वेदना खरी होती. डिकन्सने चूक ओळखली आणि पुढच्या भागांत त्या पात्राला भलेपण दिले. नेलसाठी विनवणाऱ्यांचे त्याने ऐकले नव्हते; या एका बाईचे ऐकले. भेद संख्येचा नव्हता. एकीकडे इच्छा होती, दुसरीकडे अन्याय होता.

कोयत्याचा अभिप्राय याच ढिगातला. मुलीने लिहिले होते की नायिका एकटी मुकादमाकडे जाते, उचल घेते आणि कारखान्याला निघते. आता आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांना ठाऊक आहे की मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. दोन ओळी लिहिणारा तो वाचक फडावर जाऊन आलेला असणार. मुलगी प्रथम खट्टू झाली. आम्ही विचारले, “अगं, तुझ्या नायिकेला एकटीला उचल मिळत नसेल, तर तिची खरी अडचण कुठून सुरू होते?” ती पुष्कळ वेळ बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तो भाग तिने नव्याने लिहिला, आणि खाली सरळ नोंद केली की आधीच्या भागात चूक होती, एका वाचकाने ती दाखविली, त्यांचे आभार. गुपचूप खोडण्यापेक्षा हे चांगले. चूक कबूल करणाऱ्या पुढाऱ्यावर कामगार अधिक विश्वास टाकतो, हा आमचा अनुभव वाचकालाही लागू आहे.

तिसरा ढीग गोष्टीच्या नशिबाविषयीचा. नायिकेला मारू नका, लग्न लावून द्या, खलनायकाला शिक्षा करा. ही मागणी प्रेमाची असते, म्हणून ती ऐकावी, तिचे आभार मानावेत. परंतु तिच्या तालावर गोष्ट नाचवू नये. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले, तेव्हा वाचक खवळले. अखेर १९०३ मध्ये त्याला होम्स जिवंत करावा लागला. वाचकांचा आनंद झाला खरा, पण तो निर्णय लेखकाच्या अंतःकरणातून आला की दडपणातून, हा प्रश्न उरतोच. गेटसभेत हात वर करून संपाचा ठराव होतो. कथेचा शेवट हात मोजून ठरत नाही.

‘शुद्ध लिहा’ म्हणणाऱ्याचे काय? शुद्धलेखनाची चूक असेल तर ती पहिल्या ढिगात टाकून त्याच दिवशी सुधारावी. पण मराठवाड्यातल्या बाईने मराठवाड्याची बोली बोलावी हा तिचा हक्क आहे. सातोन्याला १९१३ साली जन्मलेले आमचे बी. रघुनाथ निजामाच्या राज्यात, जेथे राजभाषा उर्दू होती तेथे, सरकारी कारकुनी करीत मराठीत कथा, कादंबरी, कविता लिहीत राहिले आणि १९५३ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेले. या मातीत मराठी लिहिणे किती कष्टाने टिकले, हे आठवले म्हणजे ‘गावंढळ’ या शब्दाने खचण्याचे कारण उरत नाही.

शिवीगाळ करणाऱ्यास कोणत्याच ढिगात जागा नाही. स्त्री लेखिकेने तर आपला फोन क्रमांक व घरचा पत्ता उघड ठेवू नये आणि अभिप्राय आधी स्वतः वाचून मगच प्रसिद्ध करावा. तसेच वाचकाकडूनही नाव व अभिप्राय यापलीकडे माहिती मागू नये. अभिप्रायांची एक वही ठेवावी : तारीख, म्हणणे, ढीग, काय केले. न लिहिणारे वाचक नेहमी अधिक असतात, हे विसरू नये. सभेत ओरडतो तो एकटा म्हणजे सारी सभा नव्हे. आणि सर्व कथांची एक प्रत घरी वेगळी जपावी. दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेले धान्य आपले म्हणता येत नाही.

तात्पर्य, वाट वाचकाच्या सोयीची असावी, तपशील सत्याच्या स्वाधीन असावा, आणि गोष्ट लेखकाच्या विवेकाची असावी. ही तीन मालकीहक्कांची वाटणी एकदा नीट झाली की अभिप्रायाचे भय उरत नाही. त्या मुलीने संकेतस्थळ बंद केले नाही. तिची नायिका आता अर्धा कोयता म्हणून फडावर पोहोचली आहे. पुढे ती जगते की मरते, हे आम्हीही तिला विचारलेले नाही.