इंजिनाला वारा कुठून द्यायचा?

वेगवान मोटारबोटीत मागच्या बाजूला इंजिनावर मोठे झाकण असते. त्याला हॅच म्हणतात. अनेक बोटींच्या हॅचवर पुढे तोंड केलेला एक फुगीर उंचवटा बसवलेला दिसतो, तो एअर स्कूप. बोट जितकी जोरात धावेल तितका वारा त्यात घुसेल, इंजिनाला जादा हवा मिळेल आणि ताकद वाढेल, हा त्यामागचा रूढ समज. समजात तथ्य आहे. पण ते किती, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

हे आकडे मांडायला समुद्रकिनाऱ्यापेक्षा झाशी सोयीची. पाणी इथेही आहे. बेतवेवर १८८० च्या दशकात बांधलेले परीछा धरण शहरापासून फार लांब नाही. शिवाय इंजिनाची हवा हिरावून घेणाऱ्या दोन गोष्टी, उष्णता आणि उंची, इथे एकत्र भेटतात. मे २०२४ च्या अखेरीस झाशीचा पारा ४९ अंशांवर गेला होता. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २८५ मीटर उंचावर असल्याने हवेचा दाब मुंबईपेक्षा तीनेक टक्क्यांनी कमी असतो. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो भरते. झाशीत ४९ अंशांच्या दुपारी तेवढ्याच हवेचे वजन १.०६ किलोच्या आसपास येते. म्हणजे इंजिनाने छाती भरून श्वास घेतला, तरी ऑक्सिजन सुमारे १४ टक्के कमीच मिळतो.

वेगाचा दाब किती?

आता स्कूप बसवू आणि बोट ताशी ६० किलोमीटरने सोडू. वाहती हवा अडवली की तिच्या वेगाचे दाबात रूपांतर होते. हा दाब म्हणजे निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते जेमतेम १५० पास्कल. पाण्याच्या स्तंभात मोजले तर दीड सेंटिमीटर. झाशीतल्या हवेचा मूळ दाब ९८ हजार पास्कलच्या जवळ आहे, त्यात ही भर ०.१५ टक्क्याची. बोट १४ मीटर खाली उतरवली असती, तरी एवढाच फायदा झाला असता. ताशी ८०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानात हाच परिणाम मोठा ठरतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. बोटीच्या वेगाला मात्र त्याचा उपयोग नगण्य.

मग स्कूप निव्वळ शोभेचा? तसेही नाही. त्याचे खरे काम तापमानाशी निगडित आहे. इंजिन बंद पेटीत बसलेले असते. एक्झॉस्टचे तापलेले भाग, सिलिंडरचा ब्लॉक, आल्टरनेटर हे सगळे त्याच पेटीतली हवा तापवतात. बाहेर ४९ अंश असताना पेटीत ७० अंश झाले आणि एअर फिल्टर तीच हवा ओढत असेल, तर घनता आणखी सहा टक्क्यांनी घटते. हे सहा टक्के स्कूपच्या दाबाने मिळणाऱ्या लाभाच्या चाळीसपट आहेत. बाहेरची हवा थेट फिल्टरपर्यंत पोहोचवली, तर हा तोटा भरून निघतो. त्याखेरीज पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा धोका घटतो, कार्ब्युरेटर असेल तर नळीत इंधनाची वाफ अडकत नाही, आणि पट्टे, वायरिंग, बॅटरी जास्त टिकतात.

हवा लागते तरी किती? पाच लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर भरतात. म्हणजे मिनिटाला दहा हजार लिटरच्या आसपास. ही हवा सेकंदाला दहा मीटर वेगाने आत यावी असे धरले, तर तोंडाचे क्षेत्रफळ १७० चौरस सेंटिमीटर हवे, म्हणजे साधारण १३ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. कीटक आणि कचरा अडवायला जाळी लावली, तर जाळीच्या तारा जितकी वाट खातात तितके तोंड मोठे करावे लागते. हा हिशेब फक्त इंजिनाच्या श्वासाचा. पेटीतली उष्णता वाहून नेण्यासाठी लागणारी हवा वेगळी धरायची.

आत आलेली हवा जाणार कुठे?

इथे झाशीच्या कोणत्याही घरातल्या उन्हाळ्याची आठवण उपयोगी पडते. खिडकीत कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, तर थोड्याच वेळात खोली दमट आणि कोंदट होते. कूलर फिरत राहतो, गारवा येत नाही. हॅचवर स्कूप बसवून बाहेर जायची वाट न ठेवणे हा तोच प्रकार. पेटी एकदा दाबाने भरली की पुढची हवा आत शिरतच नाही, ती स्कूपच्या तोंडावरून सांडून जाते. म्हणून जाणकार आधी बाहेरची वाट ठरवतात. ही वाट बोटीच्या अशा भागात काढावी जिथे दाब कमी असतो, म्हणजे मागे तोंड केलेल्या झडपा किंवा बाजूच्या कडेवरच्या जाळ्या. गरम हवा वर चढते, म्हणून ती वरच्या कोपऱ्यातून काढणे सोपे. पेट्रोलची वाफ मात्र हवेपेक्षा तीन-चारपट जड असते आणि बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये, साचते. म्हणून पेटीतली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची, म्हणजे ब्लोअरची, नळी तळापर्यंत न्यावी लागते. पेट्रोल इंजिन सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे ब्लोअर चालवण्याचा नियम याच भीतीतून आला. स्कूप कितीही मोठा असो, उभ्या बोटीत तो काही करू शकत नाही, आणि स्फोटाचा धोका उभ्या बोटीतच सर्वाधिक असतो.

दुसरा पेच स्कूपच्या जागेचा. बोटीच्या पुढच्या काचेमागे हवा सरळ वाहत नाही. ती काचेवरून उडी मारते आणि मागे भोवरा तयार होतो. हॅच त्या भोवऱ्यात आली, तर तिच्यावरचा वारा उलटा, मागून पुढे वाहत असतो. अशा ठिकाणी पुढे तोंड केलेला स्कूप हवा आत घेण्याऐवजी पेटीतून बाहेर ओढतो. काही मोटारींच्या बॉनेटवरचे स्कूप काचेकडे तोंड करून बसवलेले असतात, तेही जागा पाहूनच. काचेच्या पायथ्याशी हवा अडून दाब वाढतो, आणि तो वाढीव दाब पकडायचा तर तोंड मागेच हवे.

भोवरा ओळखायला महागडी साधने लागत नाहीत. हॅचवर लोकरीचे बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीने लावावेत, बोट नेहमीच्या वेगाने चालवावी आणि मोबाइलने चित्रण करावे. धागे मागे ताणलेले दिसले तर वारा सरळ आहे, पुढे वळले तर उलटा, गोल फिरत राहिले तर ती जागा सोडावी. याच भोवऱ्याचा एक घातक पैलूही आहे. बोटीच्या मागच्या टोकाला दाब कमी झाल्याने एक्झॉस्टचा धूर पुन्हा बोटीत खेचला जातो. तोंड चुकीच्या दिशेला असेल, तर स्कूप कार्बन मोनॉक्साइड आत ओढेल.

वाऱ्याबरोबर पाणीही येते. ते सिलिंडरमध्ये शिरले तर दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या ऑलिन स्टीफन्स यांनी आखलेल्या ‘डोरेड’ या शिडाच्या नौकेने यावर सुंदर तोडगा रूढ केला. हवेचे तोंड एका पेटीत उघडायचे, आतली नळी त्या पेटीत उंच ठेवायची आणि पेटीच्या तळाला पाणी निघायची भोके ठेवायची. हवा वळून नळीत शिरते, पाणी जड म्हणून खाली पडते आणि निघून जाते. हॅचवरच्या स्कूपखालीही असा अडथळा असावा. फायबरच्या हॅचच्या आत बहुधा लाकडाचा किंवा फोमचा थर असतो. भोक पाडल्यावर त्या उघड्या कडा इपॉक्सीने बुजवल्या नाहीत, तर लाकडी गाभा काही पावसाळ्यांत कुजतो.

रेल्वेने हा धडा आधीच घेतला होता

झाशीचे रेल्वे स्थानक, आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी, मोठे जंक्शन आहे आणि डिझेल इंजिनांची शेडही इथे आहे. वेगाचा वारा रेल्वे इंजिनालाही मिळतो. पण डिझेल इंजिने हवा पुढच्या तोंडाने घेत नाहीत, ती बाजूच्या जाळ्यांतून घेतात. कारणे व्यवहारी आहेत. इंजिन दोन्ही दिशांना चालते. बुंदेलखंडातल्या लू वाऱ्यात धूळ भरपूर, आणि पुढे उघडे तोंड ठेवले तर ती थेट आत येईल. डब्ल्यूडीजी-४ सारख्या ४००० अश्वशक्तीच्या इंजिनात आत येणारी हवा आधी गोल फिरवली जाते. जड धूळकण वळणावर बाहेर फेकले जातात, मग बारीक फिल्टर येतो. दाब वाढवण्याचे काम टर्बोचार्जर करतो, आणि दाबल्याने तापलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी पुन्हा गार केली जाते. वाऱ्याच्या वेगावर तिथे कोणीच भिस्त ठेवत नाही.

अमेरिकेत सदर्न पॅसिफिक रेल्वेला सिएरा नेवाडातल्या लांब बोगद्यांत वेगळाच त्रास झाला. मालगाडी ओढणाऱ्या इंजिनांची गरम हवा बोगद्याच्या छताशी साचे आणि मागच्या इंजिनांचे रेडिएटर तीच ओढत. १९७० च्या दशकात आलेल्या ‘टनेल मोटर’ इंजिनांत रेडिएटरची हवा घ्यायची जागा खाली, पायवाटेच्या पातळीला आणली. अश्वशक्ती न वाढवता, केवळ तोंडाची जागा बदलून इंजिने थंड राहू लागली.

म्हणून स्कूप विकत घेण्यापूर्वी दोन तापमापक विकत घ्यावेत. एक बाहेर सावलीत, दुसरा एअर फिल्टरच्या तोंडाशी. पूर्ण वेगाने अर्धा तास चालवून आकडे पाहावेत. फरक पाच-सात अंशांचा असेल, तर हॅचला भोक पाडण्याची गरज नाही. वीस अंशांचा असेल, तर आधी बाहेरची वाट मोठी करावी, मग धागे लावून तोंडाची जागा शोधावी, आणि शेवटी करवत हातात घ्यावी. जेठातल्या झाशीची ४९ अंशांची हवा गार करणे कुठल्याही स्कूपला जमणार नाही. पण पेटीतल्या सत्तर अंशांपुढे इंजिनाला तीही थंड वाटते, आणि स्कूपची कमाई एवढीच असते.