अंबाडीचा वाख शिकवायचा तर

पाथर्डी-शेवगावकडच्या जिराईत रानात बाजरीच्या कडेने अंबाडीच्या ओळी टाकायची जुनी रीत. पाला भाजीला, सालीचा वाख दोराला. नायलॉन आले आणि वाख मागे पडला. आता बचत गटांना तो पुन्हा शिकवायचा, तर सभागृहातल्या दोन दिवसांच्या वर्गाने भागणार नाही, कारण निम्मे कसब पाण्यात आहे.

पीक फुलोऱ्यावर आले की कापावे; बी धरू दिले तर वाख राठ होतो. पेंढ्या दोन-तीन दिवस रानातच ठेवल्या की पाला झडतो. मग त्या साचलेल्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचे. साल काडीला धरून ठेवणारे पेक्टिन पाण्यातले जिवाणू खातात. याला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात, पाणी गार असेल तर जास्त. आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून बुडख्याशी मोडायची आणि साल ओढून बघायची. ती शेंड्यापर्यंत सरळ सुटली की पेंढ्या त्याच दिवशी बाहेर! घाई केली तर वाखाला सालपटे चिकटून राहतात, उशीर झाला तर वाखच कुजतो आणि पीळ देताना तटातट तुटतो. ही पारख हातालाच यावी लागते.

हे काम गावच्या पाझर तलावात मात्र करू नये. कुजण्याने पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. वेगळा खड्डा घेऊन त्यात शेततळ्याचा कागद अंथरावा.

शंभर किलो हिरव्या काड्यांमागे धुऊन वाळवलेला वाख जेमतेम पाच-सहा किलो निघतो. दोर वळताना प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ देतात आणि तिन्ही पदर एकत्र करताना उलट दिशेने. उलगडू पाहणारे पदर मग एकमेकांनाच आवळून धरतात.

बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे शेतकऱ्यांना, महिलांना प्रशिक्षण देतातच. असा वर्ग त्यांनी जूनच्या पेरणीपासून लावावा. शिकवायला मातंग समाजातली दोर वळणारी जुनी माणसे बोलवावीत, आणि मानधन देऊन बोलवावीत. पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान त्यांनीच सांभाळले आहे. शोभेच्या पिशव्यांचा नाद पहिल्या वर्षी नको. आधी दावी आणि कासरे वळावेत, पुढच्या वर्षीच्या पोळ्याआधीच्या आठवडे बाजारात मांडावेत. तिथला शेतकरी दोर ओढून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही.