सेऊल शहरांतील एक वर्ष

परदेशीं विद्याभ्यासास जावयाचें म्हणजे विलायत किंवा अमेरिका, फार तर जर्मनी, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनहि समजूत आहे. त्यामुळें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या स्थापत्यशास्त्राच्या वरच्या अभ्यासासाठीं कोरियास निघाली, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं "तेथें काय ठेवलें आहे?" असा प्रश्न केला, यांत नवल नाहीं. ती मुलगी आतां सेऊल येथें एक वर्ष काढून चुकली आहे. तिनें आजीला धाडलेलीं लांबलचक पत्रें मला वाचावयास मिळालीं. तीं हल्लींच्या रीतीप्रमाणें क्षणार्धांत येतात; पण पत्रेंच तीं. त्यांतील बाजार, दुकानें आणि हिमवर्षाव यांचीं वर्णनें मी येथें उतरून घेत नाहीं. तशीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील.

कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीचा नियम असा कीं, परकी विद्यार्थ्यानें पहिलें वर्ष केवळ भाषाभ्यासांत घालवावें. त्या भाषेच्या परीक्षेच्या सहा पायऱ्या आहेत. तिसरी चढल्यावांचून पदवीच्या वर्गाचें दार उघडत नाहीं. जिनें बालवर्गापासून सगळें शिक्षण इंग्रजींतून घेतलें आणि अभियांत्रिकींत उत्तम गुण मिळविले, ती मुलगी तेविसाव्या वर्षीं पुन्हां मुळाक्षरें गिरवावयास बसली. पहिल्या चांचणींत ती वर्गांत शेवटून दुसरी आली. "मी परत येतें," एवढेंच तिचें त्या आठवड्याचें पत्र आहे. त्या दिवशीं घरांत कोणी धड जेवलें नाहीं, असें तिचे वडील मला सांगत होते.

त्यांत तिकडे तिच्या स्वतःच्या जेवणाचे हाल. किमची म्हणजे कोबीचें आंबविलेलें तिखट लोणचें. तें प्रत्येक पानांत असावयाचेंच. पण त्यांत बहुधा खारविलेली कोळंबी किंवा माशांचा रस घातलेला असतो, हें तिला तिसऱ्या दिवशीं कळलें. पुढें जोग्येसा नांवाच्या बौद्ध मंदिराजवळ मठांतील पद्धतीचें अन्न मिळतें, असा शोध लागला. त्या स्वयंपाकांत मत्स्यमांस नाहींच, परंतु कांदा, लसूण आणि तत्सम उग्र पदार्थहि वर्ज्य! चातुर्मास पाळणाऱ्या आजीला हें वर्तमान समजलें, तेव्हां कोरिया देशाविषयींचें तिचें मत एका रात्रींत पालटलें. आणखीहि कांहीं गोष्टी तिला घरच्यासारख्याच वाटल्या असाव्या. घरांत शिरतांना पादत्राणें बाहेर काढावयाचीं, वडिलांस वस्तु द्यावयाची ती दोन्ही हातांनीं, थोरल्यांस नुसत्या नांवानें हांक मारावयाची नाहीं, आणि क्रियापदांचीं रूपेंसुद्धां समोरच्याच्या मानाप्रमाणें बदलावयाचीं. आपल्या तूं, तुम्ही, आपण यांपेक्षांहि हें प्रकरण अंमळ कडक आहे.

रविवारीं ती शहर पाहावयास निघे. शहराच्या मध्यभागीं ग्योंगबोकगुंग हा राजवाडा आहे. तो प्रथम १३९५ सालीं बांधला गेला, १५९२ सालीं जपानी स्वारीच्या वेळीं जळाला, आणि जवळ जवळ पावणेतीनशें वर्षांनीं पुन्हां उभारला गेला. त्याच्या महाद्वारासमोरच्या रुंद रस्त्यावर २००९ सालीं सेजोंग राजाचा बैठा पुतळा बसविला आहे. राजांचे पुतळे सर्व देशांत असतात; परंतु या राजाच्या हातांत पुस्तक आहे. त्याची कीर्ति आहे ती एका लिपीसाठीं.

सेजोंगच्या पूर्वीं कोरियन भाषा लिहावयाची तर चिनी अक्षरांची ओढाताण करून लिहावी लागे. तीं हजारों अक्षरें शिकण्यास सवड फक्त श्रीमंत पंडित घराण्यांना. १४४३ सालीं राजानें २८ वर्णांची नवी लिपि सिद्ध केली आणि १४४६ सालीं ती प्रजेला दिली. हल्लीं तींतील २४ वर्ण प्रचारांत असून तिला हांगुल म्हणतात. संस्कृत शिकलेल्या माणसास तिची रचना पाहून खरोखर आनंद होतो. तींत वर्णांचे वर्ग उच्चारस्थानावरून केले आहेत. इतकेंच नव्हे, तर अक्षराचा आकारहि त्या स्थानाचेंच चित्र आहे. कंठ्य वर्णाच्या आकृतींत जिभेचें मूळ घशाकडे उचललेलें दिसतें, नकारांत जिभेचें टोंक वर टेकलेलें, आणि मकार म्हणजे मिटलेलें मुख. अल्पप्राणाचा महाप्राण करावयाचा तर एक रेघ वाढवावयाची! चिनी पंडितांनीं वर्णांची ही स्थानव्यवस्था बौद्ध ग्रंथांबरोबर आलेल्या संस्कृत वर्णविचाराच्या आधारें बसविली होती, आणि सेजोंग त्या चिनी शास्त्रांत चांगला मुरलेला होता.

हें वर्गांत शिकत असतांना तिच्या शिक्षिकेनें विचारलें, "तुमच्या लिपींत वर्णांचा क्रम कशावरून लावला आहे?" मुलीस उत्तर येईना. क, ख, ग, घ पाठ होतें. कां, तें ठाऊक नव्हतें. तिच्या शाळेंत मराठी हा एक तासाचा विषय होता, आणि त्या तासाला बहुधा दुसराच अभ्यास उरकून घेत. त्या रात्रीं पत्र आलें तें आजीकडून माझ्याकडे पोंचलें. कंठापासून ओठांपर्यंत पांच वर्ग कसे क्रमानें पुढें येतात, तें मी दोन पानांत लिहून पाठविलें. चाळीस वर्षें मास्तरकी केली, पण इतक्या आतुरतेनें कोणी तें विचारल्याचें मला आठवत नाहीं.

लिपीचा पुढील इतिहास आपल्यासारख्या घरांनीं विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. १४४४ सालीं दरबारांतील चोए मानरी या विद्वानानें कांहीं सहकाऱ्यांसह राजाकडे तक्रारअर्ज केला. स्वतःची निराळी लिपि असणें हें मोंगल, तिबेटी, जपानी अशा रानटी लोकांचें लक्षण होय, आणि सोप्या अक्षरांनीं काम भागलें तर खरी विद्या कोण करील, असा त्यांचा आक्षेप होता. राजानें त्यांस एक रात्र कोठडींत ठेवून दुसऱ्या दिवशीं सोडून दिलें. तरीहि पंडितांनीं ती लिपि कित्येक शतकें तुच्छच मानली. ती बायकांची अक्षरें म्हणून हिणविली गेली. आणि बायकांनींच ती पत्रांतून आणि कथांतून जगविली! सरकारी कागदांत तिला स्थान मिळावयास १८९४ साल उजाडावें लागलें.

त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १९१० सालीं, देश जपानच्या ताब्यांत गेला. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषेची हकालपट्टी सुरू झाली. त्याच काळांत तेथील भाषामंडळ कोशाचें काम करीत होतें. तें १९२९ सालीं हातीं घेतलेलें होतें. आगगाडींत मातृभाषेंत बोलणाऱ्या एका शाळकरी मुलीच्या चौकशींतून पोलीस मंडळापर्यंत पोंचले, असें सांगतात. १९४२ सालीं मंडळाचे लोक पकडले गेले. दोघे तुरुंगांतच वारले. कोशाचें हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालें. जपानी अंमल संपल्यावर १९४५ च्या सप्टेंबरांत तें सेऊल रेल्वे स्टेशनाच्या गोदामांत सांपडलें! त्याचा पहिला खंड १९४७ सालीं आणि सहावा १९५७ सालीं निघाला.

१९२५ सालची ती जुनी घुमटाची स्टेशन-इमारत अजून उभी आहे. तिचें आतां कलामंदिर केलें आहे. मुलगी तेथें दोनदां जाऊन आली. परक्या देशाच्या कोशासाठीं आपले डोळे कां भरून आले, तें समजत नाहीं, असें तिनें लिहिलें होतें. मीं तिला उत्तरीं कळविलें कीं, त्याच दशकांत, म्हणजे १९३२ पासून, पुण्यास दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश खंडाखंडानें बाहेर पडत होता. पैशाची ओढाताण पुष्कळ झाली असेल, पण त्यासाठीं कोणास तुरुंगांत मरावें लागलें नाहीं.

गेल्या महिन्यांत ती तिसरी पायरी उतरली. नव्हे, चढली म्हणावयाचें! आतां सप्टेंबरपासून पुलांचें गणित सुरू होईल, आणि तेंहि बरेंचसें कोरियन भाषेंत. निकालाच्या त्याच पत्रांत तिनें आजीला विचारलें आहे, "तो शब्दकोश आपल्या घरीं आहे का?" घर चार पदवीधरांचें. कपाटें, माळा, सगळें शोधून झालें. कोश कोठें मिळाला नाहीं. परवां वडील माझ्याकडे आले, तेव्हां जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सातहि खंड मिळतील काय, याचीच विचारपूस करीत होते.